आमच्या गल्लीसमोर शून्य टाइप करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मिशिगनमधे निवडणुकीला उभे राहिलेले आणि पुढेमागे उभे राहायचा विचार असलेले आपले भारतीय उमेदवार, त्यांचे कॅम्पेन मॅनेजर, आणि त्यांच्यासाठी घरोघरी फंडरेझर (प्रचारासाठी पैसे जमवायचे कार्यक्रम) ठेवणारी आपली मराठी मंडळी

नमस्कार,

मी मूळची मिरजेची, धंद्याने फार्मासिस्ट, २००३ ला नवऱ्याच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीमुळे नोव्हाय या डेट्रॉइटच्या सबर्बला (उपनगरात) आले आणि २०१५ पासून डेट्रॉइटच्या वेस्ट साइडला राहते. घर घेतलं तेव्हा मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी "अगं तिथे? सेफ आहे का?" असं विचारलं होतं, उरलेल्या निम्म्यांनी माझ्या मागे विचारलं. असो. आता इथली मतदार आहे, ब्लॉक क्लबची, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांच्या मंडळाची, खजिनदार आहे (वर्षाची वर्गणी वीस डॉलर, तीही अर्धे लोक देत नाहीत, आपल्या सोसायटीसारखंच), आणि गेल्या तीन निवडणुकांत दारं ठोठावत फिरलेय.

गेल्या महिन्यात नोव्हायला एका बेसमेंटमधे फंडरेझर होता. उमेदवाराचं नाव घेत नाही, आणि ही डेट्रॉइटमधून अमेरिकेच्या काँग्रेसला (संसदेला) निवडून आलेल्या श्री ठाणेदारांची कॅम्पेन नव्हती हे आधीच सांगून टाकते नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर तेच फिरेल. पाणीपुरीचा काउंटर, भिंतीवर भला मोठा टीव्ही, त्याला मॅनेजरने लॅपटॉप जोडलेला. ऑगस्टच्या प्रायमरीपर्यंतचा (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) खर्च दाखवत होता. आमच्या भागातले चार प्रिसिंक्ट (मतदानाचे छोटे विभाग) होते त्या शीटवर, त्यांच्यासमोर दारोदार फिरण्यासाठी ठेवलेली रक्कम होती. त्याने आमच्या सगळ्यांच्या देखत ती खोडली, शून्य टाइप केलं आणि पैसे सबर्बमधे टपालाने पाठवायच्या प्रचारपत्रकांच्या रांगेत टाकले. कोणीतरी विचारलं की असं का, तर म्हणाला, हे आपला बेस (हक्काचे मतदार) आहेत, ते कुठे जाणारेत? आणि मग आपलेच एक काका मराठीत म्हणाले, "शेवटच्या रविवारी चर्चमधे जाऊन दोन टाळ्या वाजवल्या की झालं, त्या लोकांना तेवढंच लागतं."

लोक हसले. मी हसले नाही, पण तोंडही उघडलं नाही. हातात प्लेट होती, पुरी तोंडात होती, यजमानीणबाई मैत्रीण आहे, अशी सगळी कारणं मला आय-९६ वरून घरी येताना सुचली. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे पत्र लिहितेय. इंग्रजीतून कॅम्पेनला वेगळं पाठवलंय, त्याला उत्तर आलं की "थँक यू फॉर युअर फीडबॅक". म्हणून आता जाहीर, आणि मराठीत, कारण तो विनोद मराठीत झाला होता.

आधी एक सांगते कारण भारतातल्या वाचकांना प्रश्न पडेल की नोव्हाय-ट्रॉयच्या देशी माणसाला डेट्रॉइटच्या ब्लॅक मतांची गरजच काय. डेट्रॉइट २०२० च्या जनगणनेत सहा लाख एकोणचाळीस हजारांचं शहर, त्यात शंभरातले पंच्याहत्तरहून जास्त लोक ब्लॅक. शहराची उत्तरेची हद्द म्हणजे एट माइल रोड, त्याच्या पलीकडे सबर्ब. २०२१ मधे मतदारसंघांचे नवे नकाशे झाले त्यात शहराचे लांबट तुकडे पाडून ते एट माइल ओलांडून सबर्बला जोडले, म्हणजे एकाच मतदारसंघात वर श्रीमंत सबर्ब आणि खाली आमच्यासारख्या गल्ल्या. विधिमंडळाचे असे तेरा मतदारसंघ डिसेंबर २०२३ मधे फेडरल कोर्टाने घटनाबाह्य ठरवले, पुन्हा काढायला लावले. पण तोपर्यंत एक सवय लागून गेली, सबर्बमधे राहायचं, सबर्बमधे पैसे गोळा करायचे आणि डेट्रॉइटची मतं आपोआप येतील असं धरून चालायचं. इथे नोव्हेंबरला डेमोक्रॅटच येतो, त्यामुळे खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीत होते, आणि प्रायमरीला मतदान इतकं कमी असतं की चार प्रिसिंक्टवर निकाल फिरतो. तुमच्या मॅनेजरला हे माहीत नसेल तर त्याला पगार कशाचा देताय?

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे, "ते कुठे जाणारेत". उत्तर सोपं आहे, ते घरी बसतात. २०१६ मधे ट्रंप मिशिगन जिंकले ते १०,७०४ मतांनी. त्या वर्षी आमच्या वेन काउंटीत (डेट्रॉइट ज्यात येतं तो जिल्हा) हिलरी क्लिंटनना ओबामांच्या २०१२ च्या मतांपेक्षा सुमारे ७६ हजार मतं कमी पडली. हे सगळे ७६ हजार काही ट्रंपकडे गेले नाहीत, त्यातले बरेचसे गेलेच नाहीत कुठे. आळशी म्हणून नाही हो. माझ्या शेजारणीने तेव्हा मतदान केलं होतं पण तिच्या दोन्ही मुलांनी नाही केलं, का ते मला तिनेच सांगितलं, की कोणी दारातच आलं नाही, टीव्हीवर दिवसभर दुसरा माणूस किती वाईट आहे तेवढंच सांगत होते, तू आमचं काय करणार ते कोणी बोललंच नाही.

या शेजारणीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही जो आकडा शून्य केलात तो तिच्या पायऱ्यांचा आहे. गल्लीत सगळे तिला नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मोठ्यांना नुसत्या नावाने बोलवायची इथे पद्धत नाही, मी मनातल्या मनात मावशी म्हणते. अलाबामात जन्म, सहा वर्षांची असताना आईवडील डेट्रॉइटला आले, वडील फोर्डच्या रूज कारखान्यात. मावशीने तीस वर्षं शहराची बस चालवली. ब्लॉक क्लबची अध्यक्ष तीच, गल्लीच्या तोंडाशी जी पाटी आहे ना, मोठ्याने गाणी लावू नका, रस्त्यावर गाडी दुरुस्त करू नका, ती तिने स्वतः रंगवलीय.

तर या मावशीकडे एक निळा पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. आपल्याकडे ज्यात सुईदोरा आणि बटणं सापडतात तोच. तिच्या डब्यात फ्लायर आहेत. तिच्या दाराला अडकवलेला, हातात दिलेला, विंडशील्डला लावलेला प्रत्येक उमेदवाराचा कागद, वर्षानुवर्षांचा. मागच्या बाजूला पेनाने तारीख आणि खाली एखादी ओळ. "आला, दोन मिनिटं थांबला." "बायकोला पाठवलं." "निवडून आला, फोन उचलत नाही." "दिवा लागला." मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी पाच मिनिटं काही बोलूच शकले नाही. तुमचं शीट आणि तिचा डबा शेजारी ठेवून बघा, डेटा कोणाकडे जास्त आहे ते कळेल.

"दिवा लागला" ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१३ मधे या शहरातले सुमारे चाळीस टक्के रस्त्यावरचे दिवे बंद होते. त्याच वर्षी माइक डगन महापौरपदाला उभे राहिले, गोरे, नुकतेच लिव्होनियाहून शहरात राहायला आलेले. शहरात राहण्याच्या वर्षाच्या अटीत थोडे दिवस कमी पडले म्हणून कोर्टाने बॅलटवरून नावच काढलं. म्हणजे त्यांना मत द्यायचं तर मतपत्रिकेवर हाताने नाव लिहायचं! आणि लोकांनी लिहिलं, प्रायमरीत पहिले आले, आणि नोव्हेंबरमधे काउंटीचे ब्लॅक शेरीफ समोर असताना जिंकले. चाळीस वर्षांत पहिला गोरा महापौर. हे कसं झालं? हा माणूस लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसत होता. जो बोलवेल त्याच्या घरी, पंधरा-वीस माणसं, शेकडो घरं, लोक झापायचे ते ऐकून घ्यायचं. मग २०१६ संपेपर्यंत शहरात ६५ हजार नवे एलईडी दिवे लागले. पुढच्या दोन्ही निवडणुका आरामात. त्यांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, आमच्या मीटिंगमधे त्यांच्या नावाने बोटं मोडणारे पण होतेच, डाउनटाउन चकाचक आणि आमच्या गल्लीत पडकी घरं हा राग खराच आहे. पण कातडीचा रंग बघून हे लोक मत देतात असं जे त्या बेसमेंटमधे एकजण फार हुशारीने सांगत होता त्याने हा निकाल एकदा तरी वाचावा.

उलट बाजूही सांगते. १९७३ ला कोलमन यंग पहिले ब्लॅक महापौर झाले ते नुसते ब्लॅक होते म्हणून नाही. त्या वेळी पोलिसांचं स्ट्रेस नावाचं एक पथक होतं, साध्या कपड्यातले पोलिस, त्यांच्या गोळ्यांना कितीतरी लोक बळी पडले, बहुतेक सगळे ब्लॅक. समोरचा उमेदवार पोलिस आयुक्त. यंग म्हणाले निवडून आलो तर हे पथक बंद करीन, आले, आणि केलं. मावशी तेव्हा पंचवीस वर्षांची होती, ती म्हणते शब्द दिला आणि पाळला हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. वीस वर्षं महापौर राहिले ते.

आणि जॉन कॉनियर्स. १९६४ ला पहिल्यांदा काँग्रेसला उभे राहिले तेव्हा रोझा पार्क्स त्यांच्या प्रचारात होत्या. हो, त्याच रोझा पार्क्स, माँटगमरीच्या बसमधे गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या, नंतर डेट्रॉइटला येऊन राहिल्या होत्या आणि शिवणकाम करून पोट भरत होत्या. निवडून आल्यावर कॉनियर्सनी त्यांना आपल्या डेट्रॉइटच्या ऑफिसात नोकरी दिली, १९६५ पासून १९८८ पर्यंत त्या तिथे होत्या. कोणाचं घराचं भांडण, कोणाची पेन्शन अडकलीय, फोन करणाऱ्याच्या तक्रारी त्या बघायच्या. शेवटी २०१७ मधे कॉनियर्सना लैंगिक छळाच्या आरोपांवरून राजीनामा द्यावा लागला, ते झाकायचं कारण नाही. पण त्रेपन्न वर्षं लोक त्यांना का निवडून देत राहिले याचं अर्धं उत्तर त्या ऑफिसातल्या टेबलावर आहे. तुमच्या ऑफिसात फोन कोण उचलतं? मी दोनदा केला, व्हॉइसमेल भरलेला होता.

दुसरी तक्रार, शेवटच्या रविवारची. चर्चला जाऊ नका असं कोणी म्हणत नाहीये, चर्च हे इथलं देऊळ, शाळा, युनियन आणि चावडी सगळं एकत्र आहे, मतदानाला नेणाऱ्या बसगाड्या तिथूनच सुटतात. पण माणूस आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऑक्टोबरमधे उगवतो, पुढच्या बाकावर बसतो, टाळी भलत्याच ठेक्यावर वाजवतो, फोटो काढतो, आणि अर्ध्या प्रवचनात उठून पुढच्या चर्चला जातो, हे लोकांना दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? आपल्याकडे निवडणुकीच्या आधी वस्तीत येऊन पत्रावळीवर जेवणारे पुढारी आपण बघितलेत की, तेव्हा आपल्याला कळत होतं ना? इथल्या लोकांनाही तसंच कळतं. गरज सरो वैद्य मरो याला इंग्रजीत काय म्हणतात माहीत नाही पण मावशीला मी समजावून सांगितली ती म्हण, तिने एका फ्लायरच्या मागे लिहून घेतली.

तिसरी, वरून बोलणं. यात दोन्ही पक्ष आले. ऑगस्ट २०१६ मधे ट्रंपनी ब्लॅक मतदारांना विचारलं की तुमचं आता जाणार तरी काय आहे, आणि हे विचारलं कुठे, तर लॅन्सिंगजवळच्या डिमोंडेलमधे, समोर जवळजवळ सगळे गोरे. २०२० च्या मे मधे बायडन एका रेडिओ मुलाखतीत म्हणाले की मी की ट्रंप हे ठरवायला त्रास होत असेल तर तुम्ही ब्लॅकच नाही, त्याच दिवशी सारवासारव करावी लागली. आणि १० ऑक्टोबर २०२४, एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या, ट्रंप आमच्या डेट्रॉइटमधे येऊन म्हणाले की कमला हॅरिस निवडून आल्या तर सगळा देश डेट्रॉइटसारखा होईल, आणि तिकडे पिट्सबर्गमधे ओबामा ब्लॅक पुरुषांना रागावले की तुम्हाला बाई प्रेसिडेंट नकोय म्हणून सबबी सांगताय. मावशीचा मोठा मुलगा पन्नाशीचा आहे, ट्रक चालवतो. तो म्हणाला एकाने माझ्या शहराला शिवी दिली आणि दुसऱ्याने मला, आणि गाडीच्या इन्शुरन्सबद्दल कोणीच काही बोललं नाही. मत दिलं त्याने शेवटी. कोणाला ते मी विचारलं नाही.

चौथी गोष्ट अशी की मत देऊनही काही होत नाही हा इथला अनुभव आहे, भावना नाही. नोव्हेंबर २०१२ मधे मिशिगनच्या मतदारांनी इमर्जन्सी मॅनेजरचा (पैशाच्या अडचणीतल्या शहरावर राज्याने कारभारी नेमायचा) कायदा मतपेटीतून रद्द केला. डिसेंबरमधे विधिमंडळाने तसाच दुसरा कायदा आणला आणि त्यात खर्चाची तरतूद अशी घातली की त्यावर सार्वमतच घेता येऊ नये. २०१३ च्या मार्चमधे डेट्रॉइटवर गव्हर्नरने नेमलेला माणूस बसला, निवडून दिलेले महापौर आणि कौन्सिल नावापुरते. जुलैमधे शहराची दिवाळखोरी. पोलिस आणि फायरवाले सोडून बाकी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमधून साडेचार टक्के कापले आणि महागाईनुसार होणारी वाढ बंद. तीस वर्षं बस चालवलेल्या बाईला हे सांगायचं आणि वर म्हणायचं की लोकशाहीत तुझ्या मताला किंमत आहे. त्यातच घरांचा टॅक्स. राज्याची घटना सांगते की घराची आकारणी बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त नको, पण मंदीत किमती कोसळल्या तरी आकारणी तशीच राहिली, आणि २०१० ते २०१६ मधे डेट्रॉइटच्या घरमालकांकडून किमान साठ कोटी डॉलर जास्तीचे घेतले गेले असा हिशोब नंतर वर्तमानपत्राने काढला. कितीतरी लोकांची घरं त्या थकबाकीत गेली. आणि २०२० मधे मतमोजणीच्या हॉलबाहेर काचा बडवत "मोजणी थांबवा" म्हणून ओरडणारा जमाव, आणि मग काउंटीच्या बोर्डावरची एक सदस्य म्हणते की डेट्रॉइट सोडून बाकीच्यांचे निकाल मान्य करूया. डेट्रॉइट सोडून! हे सगळं पचवून जो माणूस ऑगस्टच्या उन्हात रांगेत उभा राहतो त्याला तुम्ही 'बेस' म्हणता.

आता जरा आपल्या घरातलं बोलते. २०२२ मधे आपले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून काँग्रेसला निवडून आले, बेळगावकडचा मराठी माणूस, मंडळात पेढे वाटले, मीही खाल्ले. आणि त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीत शांतता होती, कारण १९५५ मधे चार्ल्स डिग्ज काँग्रेसमधे गेले तेव्हापासून पहिल्यांदाच डेट्रॉइटचा एकही ब्लॅक प्रतिनिधी काँग्रेसमधे नसणार होता. प्रायमरीत नऊ जण होते, ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं पडली, बाकीची फुटली. त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले हेही खरं, पण नुसते पैसे म्हणून सोडून देऊ नका, २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत ते राज्यात तिसरे आले तरी डेट्रॉइट शहरात त्यांनाच सगळ्यात जास्त मतं होती, त्यांच्या जाहिराती लोकांच्या तोंडावर होत्या. २०२४ ला पुन्हा निवडून आले. मला अभिमान वाटला आणि अवघडल्यासारखंही झालं, दोन्ही एकदम, आणि मंडळात हे बोलले तर "तू आपल्या माणसाच्या विरोधात आहेस का" असं ऐकावं लागलं. विरोधात नाहीये. एवढंच म्हणतेय की आपल्या माणसाला ज्यांनी मतं दिली त्यांच्या घरातून एक खुर्ची आपल्याकडे आली, तेव्हा आपण त्यांच्याबद्दल पाणीपुरी खाताना काय बोलतो याची जबाबदारी दुप्पट होते. ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्काचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तो इमिग्रेशनचा कायदा, ज्याच्यामुळे आपले काका-मामा डॉक्टर-इंजिनियर म्हणून इकडे येऊ शकले. दोन्हींवर सही जॉन्सनचीच. ज्या चळवळीने पहिला कायदा आणला तिच्याच हवेत दुसरा झाला, आणि मार कोणी खाल्ला ते सगळ्यांना माहितेय.

साउथ कॅरोलायनाचं उदाहरण तुमच्या मॅनेजरला आवडेल, त्याला मोठी नावं आवडतात. २०२० ला प्रेसिडेंटपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमधे पाचवे, सगळे म्हणत होते संपलं. मग साउथ कॅरोलायनाचे ब्लॅक खासदार जिम क्लायबर्ननी पाठिंबा दिला आणि २९ फेब्रुवारीला बायडन तिथे जवळजवळ निम्मी मतं घेऊन जिंकले. लोकांना एवढंच आठवतं की एका पुढाऱ्याने सांगितलं आणि मतं पडली. पण क्लायबर्न स्वतः सांगतात की एका अंत्यविधीला चर्चमधे पुढच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना जवळ बोलावून विचारलं, तुम्ही कोणाला मत देणार, यांनी कानात सांगितलं, तर बाई म्हणाल्या की हे लोकांना ऐकायचंय. म्हणजे पुढारी बाईंना विचारून बोलला! आणि त्यांचं वाक्य होतं की आम्ही जो बायडनला ओळखतो, पण महत्त्वाचं हे की बायडन आम्हाला ओळखतो. त्याच आठवड्यात डिबेटमधे बायडननी शब्द दिला की सुप्रीम कोर्टावर ब्लॅक बाई नेमीन, आणि २०२२ मधे केटांजी ब्राउन जॅक्सन तिथे बसल्या. दुसरे शब्द राहिले, मतदान हक्काचा नवा कायदा काही सिनेटमधून निघाला नाही, आणि तेही इथे लोकांनी लिहून ठेवलंय. डब्यात जागा भरपूर आहे.

तर मागण्या. लांबण लावत नाही.

त्या चार प्रिसिंक्टचे पैसे परत ठेवा, या आठवड्यात. आणि दारोदार फिरायला बाहेरून कॉलेजची पोरं आणू नका, गल्लीतल्याच लोकांना घ्या आणि तासाचे पैसे द्या, सबर्बमधे देता तेवढेच. मावशी दारामागून विचारते, "मागच्या वर्षी आली होतीस का?" याचं उत्तर अॅन आर्बरहून आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे नसतं.

कॅम्पेनमधे पैसे कुठे जाणार हे ठरवणाऱ्या खोलीत डेट्रॉइटचा ब्लॅक माणूस पाहिजे. 'आउटरीच' असं पद देऊन चर्चची यादी हातात द्यायची आणि शीट दुसऱ्याने भरायचं, हे नको.

जाहिरातीचे पैसे सगळे टीव्हीला आणि फेसबुकला देता, त्यातले काही मिशिगन क्रॉनिकलला द्या, १९३६ पासून चालू असलेलं ब्लॅक साप्ताहिक आहे, आणि इथल्या रेडिओला. तुमच्या जाहिरातीत मात्र दरवेळी तोच न्हाव्याच्या दुकानातला सीन नको, त्या दुकानात जाऊन खुर्चीवर बसून केस कापून घ्या, दीड तास नंबर लागत नाही तोपर्यंत जे ऐकायला मिळेल ते कुठल्या पोलमधे मिळणार नाही.

जास्तीच्या घेतलेल्या टॅक्सची भरपाई, पाण्याची बिलं, गाडीचा इन्शुरन्स, यावर तुम्ही विधिमंडळात कशाला हो म्हणणार आणि कशाला नाही ते एका कागदावर लिहून द्या, खाली सही करून. "मी तुमच्यासाठी लढेन" हे वाक्य त्यात नको, ते डब्यात कमीत कमी चाळीस वेळा आलंय.

निवडणूक नसलेल्या वर्षी दोनदा तरी या. हरलात तरी या. खरं तर हरल्यावर आलात तर मावशी स्वतः कॉफी करेल, असं अजून कोणी केलेलं नाही.

आणि फंडरेझर ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, मित्रांनो, चेक देताना एक प्रश्न विचारा, डेट्रॉइटमधे तुम्ही स्वतः किती दारं ठोठावलीत. आणि त्या काकांना, ते हे वाचतीलच, काका तुम्ही मला वडिलांसारखे आहात म्हणून त्या दिवशी गप्प बसले. पुढच्या वेळी नाही बसणार. एखाद्या शनिवारी माझ्याबरोबर चला, पाणी आणि टोपी मी आणते.

ब्लॉक क्लबची मीटिंग दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला असते, गल्लीच्या टोकाच्या चर्चच्या तळघरात, गाडी मागच्या बाजूला लावा, पुढे लावलीत तर डीकन (चर्चचे कारभारी) ओरडतात. पहिला अर्धा तास कचरा आणि कुत्र्यांवर जातो, तो बसून ऐका. उमेदवाराला बोलायला पाच मिनिटं मिळतात, घड्याळ मावशीच्या हातात असतं. फ्लायर आणलात तर एकच आणा, डब्यासाठी.

आपली,
वेस्ट साइडची एक मतदार